अक्काचा नंबर

आमच्या गावात इंग्रजी शिरायच्या कितीतरी आधी नंबर शिरला होता. इंग्रजी शाळेत पाचवीपासून होती, आणि बहुतेकांची ती पाचवीतच राहायची. पण नंबर हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात असा मुरला होता की तो परका आहे असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वेशीबाहेर काढलं असतं.

आमच्याकडे शेताला नंबर म्हणतात. "बैलं कुठं हायत?" "खालच्या नंबरात." एवढं बोलणं झालं की शोधणारा बरोबर ओढ्याकाठच्या तुकड्यात जाऊन पोचायचा. जिलबी चांगली उतरली तर ती एक नंबर, आणि ती तोलताना तराजूला बोट लावणारा तोही एक नंबर, फक्त त्याच्यापुढे चोर जोडायचं. मागच्या दारानं आलेलं रॉकेल दोन नंबरचं. शाळेत करंगळी दाखवून मागायची सुट्टी एक नंबरची. पारावरच्या चार म्हाताऱ्यांपैकी एक गेला की उरलेले तिघे तंबाखू चोळत म्हणायचे, "चला, आता आपला नंबर," आणि हे ते इतक्या खुशीत म्हणायचे की वाटावं, एसटीत खिडकीची जागा मिळणार आहे.

मला या शब्दाच्या गमती सांगायला फार आवडतात. कुठल्याही लग्नकार्यात, कुठल्याही ओट्यावर, चार माणसं जमली की मी सुरू होतो. लोक हसतात. मी तिथंच थांबतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ते आज सांगतो.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर यायचा आणि त्याच्या आधी दोन-दोन तास घागरी, कळश्या, डालड्याचे डबे रस्त्याच्या कडेनं नंबर लावून बसायचे. ज्यांच्याकडे रिकामं भांडं नव्हतं ते दगड ठेवायचे, आणि दगडाचाही नंबर सगळा गाव मानायचा. एका दगडाच्या मालकीवरून दोन बायका भांडताना मी पाहिल्या आहेत. दोघी तो उचलून छातीशी धरत होत्या.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा नवा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे. एका दाखल्यासाठी दिवस मोडून, कुणाच्या तरी ओट्यावर मुक्काम करून तिथं जायचं. आता आम्ही लातूरचे झालो. गावात एकच बोलणं, की नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नवी ऑफिसं म्हणजे नव्या खुर्च्या, आणि खुर्च्या काही मोकळ्या ठेवत नाहीत. मॅट्रिक झालेल्याचा नंबर लागणार, बाईमाणूस असेल तर आधी लागणार. जळकोटच्या बाजारात हे ऐकून आलेला माणूस आमच्या गावात येऊन असं सांगायचा की जणू त्यानंच यादी टाइप केली आहे.

ही बातमी अक्कानं ऐकली होती.

अक्का आमच्या शेजारची. तिच्या भावाची पिठाची गिरणी होती. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, कंधारकडच्या एका गावात. तिकडे तिला नीट नांदवलं नाही. चार-पाच वर्षांनी ती एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे आली आणि गिरणीत उभी राहिली. लोकांचे डबे घ्यायचे, खडूनं त्यांच्यावर नंबर टाकायचे, पीठ मोजून द्यायचं, ही कामं तिची. भाऊ पट्टा आणि जातं सांभाळायचा. मोठा अबोल माणूस. डोक्यापासून भुवईपर्यंत पीठ, आणि त्या पिठात दोन डोळे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो.

अक्का नववीपर्यंत शिकलेली होती. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसली. बाकीचे विषय तिनं तिचे तिनं उरकले. इंग्रजीसाठी तिनं मला धरलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा, उदगीरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, आणि गावातला सगळ्यात शहाणा प्राणी. असं माझं मत होतं. दर शनिवार-रविवारी मी गावी यायचो आणि दुपारी गिरणीत पोत्यावर बसून तिला शिकवायचो. गिरणी सुरू असली की मी ओरडून स्पेलिंग सांगायचो आणि ती ओरडून म्हणायची. पीठ न्यायला आलेल्या बाया कपाळाला हात लावायच्या.

"मास्तर, हळू! दळणात इंग्रजी पडंल," ती म्हणायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असून मला मास्तर म्हणायची. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात तिच्या सासरची माणसं आली. गिरणीपुढच्या पत्र्याखाली बैठक बसली. मी लांबून ऐकत होतो. सासऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: आता तरी पाठवा, नाहीतर आम्ही दुसरी करतो, मग आमच्याकडे बोट दाखवू नका. दादानं भुवयांवरचं पीठ पुसलं. मग चार माणसांदेखत तो म्हणाला, "तिचा निकाल लागू द्या. पास झाली तर ती तिच्या पायावर उभी राहील, मी काई पाठवणार न्हाई. नापास झाली तर त्याच दिशी मी सोता आणून सोडतो."

पाहुण्यांनी मान्य केलं. त्यांना निकाल काय लागणार याची खात्री होती.

तेव्हा निकाल पेपरात यायचा. नाव नाही, टक्के नाहीत, नुसते बैठक नंबर. पहिला नंबर पूर्ण छापायचे, पुढच्यांचे शेवटचे तीन आकडे, मुंग्यांच्या रांगेसारखे. पास झालेल्यांचेच नंबर यायचे. नापासाबद्दल पेपर एक अक्षर बोलत नसे. ज्याचा नंबर नाही त्यानं काय ते समजून जायचं. आमच्या गावात पेपर एकच यायचा, दुपारच्या एसटीनं, स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात. हॉटेलमालकाला वाचता येत नव्हतं, म्हणून तो सुट्टीच्या दिवसांत मी वाचायचो. वाचायचो म्हणजे करायचो. दरोड्याच्या बातमीत दरोडेखोर व्हायचो, मंत्र्याच्या बातमीत मंत्री. चहा फुकट मिळायचा.

निकालाच्या दिवशी हॉटेलापुढे गाव लोटलं होतं. गावची पंधरा-सोळा पोरं परीक्षेला बसली होती, त्यांचे बाप, मामा, चुलते. अक्का समोरच्या लिंबाखाली पदर घेऊन एकटीच उभी. तिचा नंबर सगळ्यांना पाठ होता, चारशे एकोणीस. दादा लांब गिरणीच्या दारात.

बस आली, कंडक्टरनं गठ्ठा फेकला, मी पेपर उचलून बाकावर चढलो. आणि सुरुवात करायच्या आधीच मला तो दिसला. चारशे एकोणीस. दुसऱ्या श्रेणीत. गावातल्या बाकी बहुतेकांच्या वर.

इथं मला थांबता आलं असतं. लिंबाकडे बघून नुसतं ओरडायचं होतं, "अक्का, पास!" पण समोर एवढं पब्लिक, आणि हातात हा हुकमाचा पत्ता. मी ठरवलं, हा शेवटी टाकायचा. सगळ्या पोरांचे नंबर होऊ द्यायचे, तिचा वगळायचा, लोक हळहळू द्यायचे आणि मग एकदम तोफ उडवायची. माझ्या डोळ्यांपुढे टाळ्या दिसत होत्या. त्या तिच्यासाठी होत्या की माझ्यासाठी, हे मी तेव्हा वेगळं काढलं नाही.

"वाच की रे, जीव चाललाय हितं!" एक बाप ओरडला.

"बापू, धीर धरा. नंबर पळून जात न्हाईत."

"न्हाई गेले तर तू घालवशील, दे हिकडं!"

मी सुरू केलं. एकेका नंबराला थांबत, भुवया उडवत, पोराचं नाव सांगायच्या आधी आवंढा गिळत. लोक हसत होते, शिव्या देत होते. चारशे बारा झाला. चारशे सोळा झाला. चारशे अठरा वाचला, दीर्घ श्वास घेतला, आणि चारशे बावीस वाचला.

हॉटेलमालक हातात किटली घेऊन म्हणाला, "अन् आपल्या अक्काचा?"

मी पेपराच्या वरून लिंबाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी ओठ मिटले, डोळे खाली केले आणि सावकाश मान हलवली. नाही.

ती मान मी फार छान हलवली. एवढी खरी की मालकानं "अरारा" म्हणून किटली खाली ठेवली.

मग मी पुढचे नंबर घेतले. सात-आठ उरले होते, पण मी त्यांना चांगलं पाव तास पुरवलं. कुणीतरी गुलाल आणला. एका पोराच्या मामानं मला खांद्यावर घेतलं. साखर वाटली गेली, ती मी खाल्ली. आणि मग हात वर करून, सगळ्यांना गप्प करून, मी ओरडलो, "आणि आता शेवटचा, ऐका मंडळी..." असं म्हणून लिंबाकडे वळलो.

लिंबाखाली कुणी नव्हतं.

नापास झालेली बाई गर्दीत उभी राहून दुसऱ्यांचा गुलाल बघत नसते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मी पेपर घेऊन पळालो. गिरणीला कुलूप होतं. घरात वैनी, म्हणजे दादाची बायको, एकटीच उंबऱ्याशी बसलेली. पेपर घेऊन आलेली बस अर्धा तास थांबायची आणि पुढे कंधारच्या रस्त्याला लागायची. गुलालाच्या गोंधळात ती कधी निघाली ते मला कळलंही नव्हतं; वेशीवर तिला हात करून दोघं गेले होते. पेटी सकाळपासूनच भरून ठेवलेली होती.

"वैनी, अक्का पास हाय. दुसऱ्या श्रेणीत."

वैनीनं पेपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती तर म्हनली मास्तरनं मान हालवली. मग मान कामून हालवलीस?"

मी म्हणालो, "घडीत गेला होता नंबर. आत्ता दिसला."

ही थाप मला शोधावी लागली नाही. ती जिभेवर तयारच होती, आणि तिला मी हातवारेही बरोबर केले. पेपराची घडी उलगडून दाखवली. वैनीला वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी दादा एकटा परत आला. त्याला कळलं तेव्हा तो पायातली चप्पल काढायची विसरून तसाच खाटेवर बसला. "चार माणसांत बोललो, आज सोडून आलो, उद्या परत न्यायला कसा जाऊ?" तो म्हणाला. "तू सकाळी जा. तिला पेपर दाव. आठ दिसांनी मी जाऊन घेऊन येतो."

मी गेलो. अक्काच्या सासरी अंगणात सासू रेशनच्या ज्वारीतले खडे वेचत होती आणि अक्का राखेनं भांडी घासत होती. पाणी वाचवायला तेव्हा सगळीकडे राखेवरच भागवायचे.

"पेपरवाला आला गं," सासू म्हणाली. "काय इकाया आणलंय?"

"मावशी, अक्का पास झाली. नंबर घडीत होता म्हणून काल दिसला नाही."

अक्कानं हात पदराला पुसले आणि पेपर घेतला. तिला नंबर शोधावा लागला नाही, डोळा पडला तो थेट त्यावरच. मग तिनं बोट नंबरावर ठेवलं आणि तिथून घडीच्या रेषेपर्यंत सावकाश नेलं. चांगलं वीतभर अंतर होतं. नंबर स्तंभाच्या मधोमध, स्वच्छ, काळाभोर. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी अंगणातल्या कोंबडीकडे बघायला लागलो.

"घडीतच हाय की," ती सासूला ऐकू जाईल असं म्हणाली. "कुनालाबी दिसला नसता."

"पास झाली? लई चांगलं झालं," सासू म्हणाली. "आता भाकरी इंग्रजीत थापील."

अक्कानं पेपर चौपदरी घडी करून माझ्या हातात दिला आणि पुन्हा भांड्यांपाशी बसली. मला वाटलं, ती मला वाचवते आहे. सगळ्या वाटभर मला त्याची लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं.

आठ दिवसांनी दादा गेला. त्याला वाटलं होतं येताना दोघं असू. तो एकटाच उतरला. गिरणी उघडली, पण पट्टा चढवला नाही. नुसता आत बसून राहिला. वैनीकडून कळलं, अक्कानं यायला नकार दिला. म्हणाली, "पोचवलंस न्हवं? पोचले मी." दिवाळीला तो पुन्हा गेला. तेव्हा तर ती बाहेरच आली नाही.

गावानं तिला मानी ठरवलं. आणि मी? मी सुटलो. ती तिच्या मर्जीनं राहिली, दार उघडं असून आली नाही, मग माझ्या मान हलवण्यानं असं काय बिघडलं? पुढची तीस वर्षं मी ही गोष्ट स्वतःला अशीच सांगत आलो. दोन वर्षांनी तिच्या सासरच्या गावात बालवाडी निघाली आणि मॅट्रिक बाई म्हणून ती तिथं लागली, हे कळल्यावर तर माझा हिशेब मिटलाच. त्या मधल्या दोन वर्षांत तिचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नात ती भेटली. केस पांढरे, चष्मा, पर्समध्ये मोबाईल. मी एका घोळक्यात उभा राहून नंबर या शब्दाच्या गमतीच सांगत होतो. शेताचा नंबर, दगडाचा नंबर, पारावरच्या म्हाताऱ्यांचा नंबर. ती मागे उभी राहून ऐकत होती, हसत होती. जेवायला ती माझ्या शेजारी बसली.

"मास्तर, तू हायस तसाच हायस," ती म्हणाली. वरण वाढून झालं, वाढपी पुढे गेला, तेव्हा भात कालवता कालवता तिनं विचारलं, "एक इचारू? आता दादा बी न्हाई, दोन वर्सं झाली. सांगायला काई हरकत न्हाई. त्यानं तुला काय दिलं व्हतं?"

"कशाचं, अक्का?"

"मान हालवायचं."

मला समजायला वेळ लागला. मग समजलं, आणि घास हातात राहिला.

"तूच मला शिकवलंस," ती म्हणाली. "तू माझं वाईट कशाला करशील? मी त्या पेपराकडं बघितलं, अन् म्हनलं, ह्या पोरानं आपल्या मनानं हे केलेलं न्हाई. दादाला मी जड झाले व्हते. दुष्काळ, दोन तोंडं, त्यात माझं तिसरं. पर चार लोकांत तसं कसं म्हननार? म्हनून त्यानं तुला पुढं केलं. पेटी सकाळीच भरून ठिवायला लावली व्हती त्यानं."

"अक्का, दादानं काही सांगितलं नव्हतं." मी म्हणालो. "तुझा नंबर मी शेवटी वाचणार होतो. गंमत म्हणून. तू निघून गेलीस."

"गंमत," ती म्हणाली.

"हो."

"अन् दादाला ठावंच नव्हतं?"

"नव्हतं. मी त्याला पण घडीचंच सांगितलं."

वाढपी जिलबी घेऊन आला. तिनं हात आडवा धरला.

"दोनदा आला व्हता न्यायला, मला वाटलं लोकांना दावायला," ती म्हणाली. "उनातानात. मी त्याला पानी बी इचारलं न्हाई. वारला तवा सांगावा आला व्हता, तरी गेले न्हाई. म्हनलं, ज्यानं मला असं काढलं त्याचं तोंड कशाला बघू."

चार माणसांत कधी न अडलेला मी तिथं अडलो. माफ कर म्हणायचं तर कशाची माफी, मान हलवल्याची की घडीची, की तीस वर्षांत एकदाही त्या गावच्या बसमध्ये न बसल्याची? आणि ज्याची मागायला हवी तो माणूस तर पिठासारखा पांढरा होऊन निघून गेला होता, बहिणीनं आपल्याला का टाकलं हे न कळता.

अक्का उठली. हात धुऊन आली, पदराला पुसले, चष्मा नीट केला.

"वैनी हाय का गावात?"

"आहेत. गिरणी बंद आहे, पण त्या तिथंच राहतात."

"चल मग."

"आत्ता?"

"आत्ताच. तिच्यापुढं तू बोल. सगळं बोल, घडीबिडी काई नको. मी नुसती बसते."

जळकोटची गाडी तीनला होती. आम्ही अडीचलाच स्टँडवर जाऊन बसलो.